हाकेला ओ

चहाचा कप खाली ठेवला की बाबा चष्मा पुसत, जुना लॅपटॉप पुढे ओढत आणि आईला हाक मारत. तोंडाने नव्हे. काळ्या पडद्यावर ते चार तुकड्यांचा एक नंबर टाकत आणि एन्टर दाबत. तो नंबर आईच्या ऑफिसातल्या संगणकाचा. संगणक चालू असला की तिकडून उत्तर यायचं. आमच्या कामात याला पिंग करणं म्हणतात. बाबांचा शब्द मात्र पहिल्यापासून हाक मारणं, आणि उत्तर आलं की ओ आली. ओ आली की ते मान हलवून म्हणत, "पोचली ही," आणि मग त्यांचा दिवस सुरळीत जायचा.

आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

ती आमच्या संस्थेच्या ग्रंथालयात होती. एका सकाळी नेहमीसारखी डबा घेऊन गेली, पुस्तकं देता देता चक्कर येऊन पडली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. बाबांचं विसरणं त्याच्या आधीच सुरू झालेलं. मी त्यांना सांगितलं, ते धाय मोकलून रडले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुझी आई अजून कशी आली नाही?" मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा तसेच रडले, पहिल्यांदाच कळल्यासारखे. असं चार-पाच वेळा झाल्यावर मी सांगणं सोडून दिलं. खरं बोलावं हे मान्य, पण किती वेळा? बाकीच्यांची बायको एकदाच मरते. माझ्या बापाची मी दर आठवड्याला मारत होते.

आईचा संगणक तिच्या जागी आलेल्या मुलाने वापरायला घेतला. नंबर तोच राहिला, कारण चाललंय ना, मग हात लावू नका, हे आमच्या संगणक विभागाचं ब्रीदवाक्य. त्यामुळे बाबा हाक मारायचे आणि ओ यायची. म्हणजे आई कामावर. संध्याकाळी ते जरा अस्वस्थ व्हायचे, दाराकडे बघत बसायचे. दिवसभर त्यांना सांभाळणाऱ्या मावशी म्हणायच्या, "आज उशीर होईल म्हणाल्यात, तुम्ही जेवून घ्या." ते जेवून झोपायचे आणि सकाळी आई पुन्हा कामावर पोचलेली असायची.

हे नंबर त्याच संस्थेत बाबांनीच वाटलेले. जगाच्या जाळ्यात बोलायचं तर प्रत्येक संगणकाला एक पत्ता लागतो, आणि आमच्या संस्थेत तो द्यायचं काम त्यांचं. लोक त्यांना 'पत्तेवाले' म्हणत. नवीन लागलेला एक कारकून बरेच दिवस त्यांना जुगारी समजून चार हात लांब राहत होता. सुरुवातीच्या काळात हे पत्ते मागेल त्याला मिळत. बाबांनी मागितले आणि संस्थेला अख्खा गठ्ठा मिळाला. असे पत्ते जगात सगळे मिळून सव्वाचारशे कोटींच्या घरात. ज्यांनी ही पद्धत काढली त्यांना वाटलं, पुरून उरतील. एकट्या बाबांना वाटलं नाही. "थेंबे थेंबे तळं साचतं, तसंच ते आटतंही," असं म्हणत ते प्रत्येक पत्ता हात आखडून द्यायचे. लोक हसायचे. आईलासुद्धा ग्रंथालयाच्या संगणकासाठी महिनोन् महिने रांगेत ठेवलं होतं.

"सगळ्या दुनियेला वाटताय आणि घरच्यांना ठेंगा," ती म्हणाली होती.

"घरचं म्हणून आधी दिला तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील," बाबा म्हणाले होते.

शेवटी तिला मिळाला तो चौऱ्याहत्तरने संपणारा. लग्नानंतर यांनी मला दिलेली ही एकच वस्तू आहे जी हरवली नाही, असं ती पाहुण्यांना सांगायची.

नोकरीत असताना बाबा रोज सकाळी साठ-सत्तर संगणकांना हाक मारून हजेरी घ्यायचे. निवृत्त झाल्यावर घरून घ्यायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं, पण जित्याची खोड. मग आजार वाढला तसे एकेक नंबर गळत गेले. लेखा विभाग गेला, वसतिगृह गेलं, प्रयोगशाळा गेल्या. शेवटी एकच उरला. माझं नाव त्यांना कधी आठवायचं, कधी मी विभागात नवीन लागलेली मुलगी असायचे, आणि दोन्ही वेळा ते मला काम शिकवायचे. चौऱ्याहत्तर मात्र पक्का होता. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण आईचाच नंबर उरला याचं बरंही वाटायचं.

आणि मग बाबांचं म्हणणं खरं झालं. जगातले पत्ते संपले. घरोघरी संगणक, प्रत्येकाच्या हातात फोन, भिंतीभिंतीवर कॅमेरे, आणि प्रत्येकाला पत्ता हवा. म्हणून नवी पद्धत आली: पत्ते लांबलचक, अंक आणि अक्षरं मिसळलेले, आणि इतके की उधळले तरी संपू नयेत. संस्थेनेही नव्या पद्धतीवर जायचं ठरवलं. जुन्या पत्त्यांना टंचाईमुळे सोन्याचा भाव आलेला, त्यामुळे आमचा अख्खा गठ्ठा एका कंपनीला विकायचा आणि आलेल्या पैशात प्रयोगशाळेचं गळकं छप्पर दुरुस्त करायचं, असा बेत. हे सगळं काम माझ्याकडे आलं, कारण बाबांच्या विभागात आता मी होते. बापाने मांडलेला संसार लेकीने आवरायचा.

आमचे साहेब बाबांच्या हाताखाली तयार झालेले. मी त्यांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच विचारलं, "साहेब, एक नंबर मागे ठेवता येईल का?"

"कुठला?"

"चौऱ्याहत्तर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. उमेदवारीच्या दिवसांत त्यांनी आईच्या डब्यातलं खूप खाल्लं होतं. "वहिनींचा," ते म्हणाले. "अगं, अख्खा गठ्ठा लिहून दिलाय. मधला एक दाणा काढून ठेवायचा म्हटलं तर सगळा व्यवहार मोडेल. सर कसे आहेत?"

"चौऱ्याहत्तरवर जगतायत," मी म्हटलं. हे फटकन बोलले आणि साहेबांचा चेहरा पडला. त्यांची चूक काहीच नव्हती. पण त्या दिवसांत मी कोणावरही डाफरत होते, अगदी दारावर कोणी पत्ता विचारायला आलं तरी.

आधी मी सरळ मार्गाने गेले. ग्रंथालयाच्या संगणकाचा नवा पत्ता मोठ्या अक्षरात लिहिला आणि सकाळी बाबांच्या लॅपटॉपशेजारी ठेवला. संगणक तोच, टेबल तेच, फक्त हाक मारायची ती नव्या पत्त्यावर.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"आईच्या संगणकाचा नवा नंबर."

"नंबरात एबीसीडी कुठून आली?"

"आता असेच असतात, बाबा."

त्यांनी एकेक अक्षर बोटाने दाबून धरत टाकायला घेतलं. अर्ध्यावर ओळ चुकली, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा कसाबसा पूर्ण झाला, एन्टर दाबलं, पण मध्ये कुठेतरी एक अक्षर राहिलंच होतं. ओ आली नाही. त्यांनी पुन्हा एन्टर दाबलं. "ही बोलत नाहीये. काय झालं हिला?" मी घाईघाईने जुना नंबर टाकून दिला, त्याला ओ आली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. "बघ, आहे की. तुझंच काहीतरी चुकतंय पोरी. नवीन आहेस, शिकशील हळूहळू." तो कागद मी चुरगळून टाकला.

पुढे कित्येक दिवस मी एकेक विभाग नव्या पद्धतीवर नेत राहिले आणि ग्रंथालय मुद्दाम शेवटी ठेवलं. पण शेवट म्हणजे शेवटच. ग्रंथालयाची पाळी आली त्या दुपारी मी माझ्या टेबलावरून चौऱ्याहत्तरला एकसारखी हाक मारत राहायची व्यवस्था लावली, ती तशीच चालू ठेवली आणि ग्रंथालयात गेले. तो मुलगा खुर्चीतून उठला. मी आईच्या खुर्चीत बसले. खुर्चीची उशी दबून एका बाजूला कललेली होती. आई तशीच कलून बसायची. जुना नंबर काढला, नवा घातला. दोन मिनिटांचं काम. तो मुलगा म्हणाला, "झालं पण?" मी म्हटलं, झालं.

परत टेबलाशी आले तर पडद्यावर ओळींखाली ओळी उमटलेल्या होत्या: ओ, ओ, ओ, ओ, आणि मग एकीपासून पुढे प्रत्येक ओळीत तेच, वेळ संपली, वेळ संपली. आईला नेलं तेव्हा मी रडले नव्हते. बाबांना धरून उभी होते, वेळच मिळाला नाही. त्या ओळी बघून मात्र मला आवरेना. मी हाका थांबवायला हव्या होत्या, पण मीच मारलेल्या हाका बंद करायला माझा हात धजेना. शेवटी साहेब आले, माझ्या खांद्यावरून हात पुढे करून त्यांनीच त्या थांबवल्या आणि बाहेर गेले.

तरी मी पत्तेवाल्यांची लेक. हातपाय गाळून बसणारी नव्हे. साबणाच्या वडीएवढं एक छोटं यंत्र मी आधीच आणून ठेवलं होतं. त्याच संध्याकाळी ते घरच्या जाळ्यात जोडलं आणि त्याला बजावून ठेवलं: या घरातून कोणी चौऱ्याहत्तरला हाक मारली तर ती बाहेर जाऊ द्यायची नाही, तूच ओ द्यायची. बाहेर तो नंबर उद्या कोणाचा का होईना, आमच्या चार भिंतींत तो आईचाच राहणार होता. मी हाक मारून पाहिली. लगेच ओ आली. यंत्र कपाटावर मागच्या बाजूला सरकवलं आणि मावशींना म्हटलं, "काम फत्ते." मावशींना त्यातलं काही कळलं नाही, पण मी हसले म्हणून त्याही हसल्या.

सकाळी बाबांनी कप ठेवला, चष्मा पुसला, नंबर टाकला. मी डबा भरत होते आणि कान 'पोचली ही'कडे लागले होते. ते शब्द आलेच नाहीत.

"एकपेक्षा कमी," बाबा म्हणाले.

"काय, बाबा?"

"थांब, पुन्हा मारतो." एन्टर वाजलं. "एकपेक्षा कमी." ते वळले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळलेला दिसला. असे ते शेवटचे कधी दिसले होते ते मला आठवेना. "अगं, ही घरात आहे."

तेव्हा कुठे माझी चूक माझ्या लक्षात आली. ओ आली की ती किती वेळात आली, तोही आकडा त्याच ओळीत दिसतो, सेकंदाच्या हजाराव्या भागांत. ग्रंथालय गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथून ओ यायला सात-आठ भाग तरी लागायचे. आता ओ कपाटावरून येत होती, वेळ लागतोच कशाला? मी ओ आली का तेवढंच पाहिलं होतं. आमच्या कामातली सगळीच माणसं तेवढंच पाहतात, यंत्र जिवंत आहे ना, मग पुढे चला. बाबा आधी वेळ बघायचे. आवाजावरून माणूस किती लांब आहे ते कळावं, तसं त्यांना त्या आकड्यावरून कळायचं. मुलीचं नाव गेलं, घराचा रस्ता गेला, हे तेवढं शाबूत होतं.

ते उठले. आधी झोपायच्या खोलीत गेले, "अगं ए" म्हणत पलंगाच्या पलीकडे वाकून पाहिलं. बाथरूमच्या दारावर टकटक केली, जरा वेळ अदबीने थांबले, मग दार ढकललं. गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी एकेक करून बाजूला सारल्या. मी त्यांच्या मागून चोरासारखी चालत होते. स्वयंपाकघरात मावशी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. बाबा दारात थांबले. हळूच म्हणाले, "आज गेली नाहीस होय?"

मावशी वळल्या. बाबा क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. "तुम्ही होय," ते म्हणाले, आणि "असू द्या, असू द्या," म्हणत मागे फिरले. मावशींनी पदर तोंडाला लावला.

ते लॅपटॉपशी येऊन बसले. त्यांनी आणखी एकदा हाक मारली, आकडा पाहिला आणि माझ्याकडे बोट केलं. "तू सांग. ओ घरातूनच येतेय. मग ही आहे कुठे?"

थापा माझ्या जिभेवर तयार होत्या. आत्ताच बाहेर गेली, शेजारी गेली, येईल इतक्यात. दोन वर्षांत मी त्यात तरबेज झाले होते. पण हा प्रश्न नवऱ्याचा नव्हता. तो एका नेटवर्कवाल्याने दुसऱ्याला विचारलेला प्रश्न होता, पुरावा समोर ठेवून. आणि बाबांशी मी बाकी सगळ्या बाबतींत खोटं बोलले असेन, कामात कधीच बोलले नव्हते.

"आई नाही, बाबा. आईला जाऊन दोन वर्षं झाली."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, आता रडतील म्हणून. ते रडले नाहीत. भुवया आक्रसून पडद्याकडे बघत राहिले.

"मग ओ कोण देतंय?"

"मी. कपाटावर एक यंत्र ठेवलंय, ते देतं."

"आणि नंबर?"

"गेला. सगळेच गेले. जुने पत्ते पुरेनात, म्हणून नवीन पद्धत आली."

"सांगत होतो मी," बाबा म्हणाले. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी. डोळे न पुसताच त्यांनी विचारलं, "हे मला आधी कोणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं, बाबा."

"मग मी काय केलं?"

"रडलात."

"एकदाच सांगितलंस?"

मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांना ते कळलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि त्या वेळी मी त्यांची मुलगीच होते, नवीन लागलेली कोणी नव्हते. ते त्यांच्या बोटांवरून मला समजत होतं. आजारानंतर इतके ते माझ्याजवळ कधीच नव्हते, आणि हे फार वेळ टिकणार नाही हेही आम्हा दोघांना ठाऊक होतं.

त्यांनी सदऱ्याच्या टोकाने डोळे पुसले, मग चष्मा. "वेळ चुकवलीस तू," ते म्हणाले.

"काय?"

"ग्रंथालयातून सात-आठ लागतात. तेवढा उशीर घाल. यंत्राला थांबून ओ द्यायला सांगता येतं ना?"

"येतं. पण बाबा..."

"आणि दर वेळी एकच आकडा ठेवू नकोस. कधी सात, कधी आठ, मधूनच नऊ. एकसारखे आले की मला कळेल." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे ढकलला. "आत्ताच कर. मी विसरायच्या आत बघून घेतो, बरोबर झालंय का ते. आणि पुन्हा विचारलं तर सांगत बसू नकोस. मी किती जरी विचारलं तरी."

मी करायला घेतलं. एका ओळीचं काम, पण डोळ्यांपुढे अक्षरं तरंगत होती आणि मी दोनदा चुकले. बाबा शेजारी बसून बघत होते. "स्वल्पविराम," ते एकदा म्हणाले, आणि तिथे खरंच चूक होती. मावशी दारात उभ्या होत्या, हातात पिठाचा चमचा तसाच धरून. ओळ पूर्ण झाली आणि मी लॅपटॉप त्यांच्याकडे परत सरकवला.

बाबांनी नंबर टाकला. सात. आठ. आठ. नऊ. सात. ते पुढे झुकून प्रत्येक आकडा वाचत होते, पूर्वी हजेरी घेताना वाचायचे तसे, ओठ हलवत. कितीतरी वेळ त्यांनी हाका चालू ठेवल्या. मग मागे टेकले आणि मान हलवली.

"पोचली ही," ते म्हणाले.

हे ते विसरून म्हणाले की सगळं आठवत असताना म्हणाले, ते मला आजही कळलेलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं, आणि "हो, बाबा" म्हटलं.